चाळणीवरच्या गोळ्या

मंडळी, आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, बाईंचं आता वय झालं. आजवर इथे म्हणी झाल्या, पेणचे गणपती झाले, माझी मोतीबिंदूची शस्त्रक्रियासुद्धा झाली. आज लोखंडाच्या गोळ्या! भट्टीत तापल्यावर या गोळ्या एकमेकींना किती चिकटतात आणि खाली किती सुरळीत सरकतात, हे मोजायची एक परीक्षा असते. त्या परीक्षेबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात आहे.

मी मराठी घेऊन बी.ए. झालेली. शास्त्राशी माझा संबंध म्हणजे शास्त्राच्या बाई रजेवर असल्या की त्यांचा वर्ग गप्प बसवण्यापुरता. पण चौतीस वर्षं परीक्षा घेण्यात, पेपर तपासण्यात आणि अर्ध्या अर्ध्या मार्कासाठी जीव टाकणाऱ्या मुलांकडे बघण्यात गेली. त्यामुळे विषय लोखंडाचा असला तरी परीक्षा हा भाग माझ्या ओळखीचा आहे.

निमित्त झालं माझ्या बहिणीच्या नातीचं. ती धातुशास्त्र शिकली आणि सध्या ओडिशात एका प्रयोगशाळेत काम करते. गेल्या गणपतीत पाच दिवस माझ्याकडे राहायला होती. "तू तिथे नक्की करतेस काय गं?" या माझ्या प्रश्नाला आधी तिने "टेस्टिंग" असं एका शब्दात उत्तर दिलं. पण मी मास्तरीण. एका शब्दाचं उत्तर मी सातवीच्या मुलांकडूनही घेतलेलं नाही. "सविस्तर सांग," म्हटलं. मग तिने सांगितलं, आणि तुम्हाला सांगते, मी दोन संध्याकाळी मालिका न बघता ते ऐकलं.

आधी गोळ्या म्हणजे काय ते सांगते. खाणीतून येणाऱ्या लोहखनिजात ढेकळं थोडी आणि भुगा फार. शिवाय हलक्या प्रतीचं खनिज शुद्ध करायचं तर ते मैद्यासारखं दळावं लागतं. ही भुकटी तशीच भट्टीत घातली तर वायूला वर जायला वाटच राहत नाही. म्हणून ती ओलसर करून, त्यात किंचित बेंटोनाइट नावाची माती मिसळून, मोठ्या फिरत्या तबकडीवर किंवा पिंपात घोळवतात. तिच्या आपोआप गोळ्या वळतात, साधारण ८ ते १६ मिलीमीटरच्या, म्हणजे मोठ्या वाटाण्यापासून लहान बोरापर्यंत. मग त्या १२५० ते १३५० अंशांवर भाजून घट्ट करतात.

आता या गोळ्यांपासून लोखंड. आपण शाळेत झोतभट्टी शिकलो, कोक घालून लोखंड वितळवायची. दुसरी एक रीत आहे, तिच्यात लोखंड वितळवतच नाहीत. उंच उभ्या भट्टीत वरून गोळ्या सोडायच्या आणि खालच्या बाजूने तापलेला वायू वर पाठवायचा. त्या वायूत मुख्यतः हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड. हे दोघे गोळीतला ऑक्सिजन काढून घेतात. शुद्ध हेमॅटाइट खनिजात १०० ग्रॅममागे जवळजवळ ७० ग्रॅम लोखंड आणि ३० ग्रॅम ऑक्सिजन असतो. तो ऑक्सिजन निघून गेला तरी गोळीचा आकार बहुतेक तसाच राहतो, आत फक्त भोकं भोकं उरतात. म्हणून तिला स्पंज आयर्न म्हणतात. मेक्सिकोतल्या मॉन्टेरे शहरात १९५७ साली नैसर्गिक वायूवर हे काम कारखान्याच्या प्रमाणात सुरू झालं, आणि वरून गोळ्या सतत सरकत्या ठेवणारी आजची नामांकित रीत १९६९ मध्ये अमेरिकेत पोर्टलंडला चालू झाली.

आम्हा पेणकरांना हे काही परदेशातलं प्रकरण नाही. वडखळ सोडून नागोठण्याकडे निघालं की डोलवीचा कारखाना दिसतो. तिथे १९९० च्या दशकात वायूवर चालणारी अशीच भट्टी उभी राहिली. धरमतरच्या खाडीतून माल घेऊन येणाऱ्या बार्ज आम्ही वर्षानुवर्षं बघतो. त्यांच्या पोटात काय असतं आणि पुढे त्याचं काय होतं, हे मला मात्र सत्तरी ओलांडल्यावर कळलं.

तर या भट्टीची सगळी मदार एका गोष्टीवर आहे: गोळ्या सरकत राहिल्या पाहिजेत. वरून भरलेली गोळी काही तासांनी आपल्या वजनाने खाली पोचली पाहिजे, आणि सगळ्या बाजूंनी सारख्याच वेगाने. मध्येच गोळ्या एकमेकींना चिकटल्या की गठ्ठा होतो. गठ्ठ्याच्या बाजूने वायू जात नाही, तो सोपी वाट शोधतो. मग एका बाजूच्या गोळ्या कच्च्या, दुसरी बाजू जास्त तापलेली, आणि जास्त तापली की अजून चिकटणार. गठ्ठे फोडायला भट्टीच्या आत दांडे फिरते ठेवलेले असतात, पण त्यांचीही ताकद किती!

"वितळून चिकटतात ना?" मी विचारलं. इथे पोरीचे डोळे चमकले. म्हणाली, "नाही आजी, तीच तर गंमत आहे." लोखंड वितळतं १५३८ अंशांना. भट्टीतला वायू साधारण ८०० ते ९०० अंशांचा, हल्ली त्याहूनही वर नेतात. वितळायला कितीतरी अवकाश असतो, तरी चिकटतात. कारण ऑक्सिजन निघून गेल्यावर गोळीच्या अंगावर अगदी कोरं, ताजं लोखंड येतं. अशा दोन कोऱ्या पृष्ठभागांवर वरून दाब आला की एकीचे अणू दुसरीत सरकतात आणि मध्ये बारीक मान तयार होते. काही वेळा लोखंडाचे केसांसारखे तंतू उगवतात आणि ते एकमेकांत अडकतात. उष्णता, दाब आणि वेळ, तिन्ही वाढले की चिकटणं वाढतं.

मला साबुदाणा आठवला. (हसू नका.) खिचडीचा साबुदाणाही विरघळलेला नसतो, दाणा दाण्यासारखाच असतो. पण वरचा पिठूळ थर ओला आणि गरम झाला, वर झाकण पडलं, आणि आपण गप्पा मारत बसलो की झाला गोळा. म्हणून तर आपण भिजलेल्या साबुदाण्याला आधी दाण्याचं कूट चोळतो, दाण्याला दाणा लागू नये म्हणून. हे मी बोलले तर ती टाळी देत म्हणाली, "आम्हीही कूटच चोळतो!" त्यांचं कूट म्हणजे चुना, सिमेंट किंवा बॉक्साइट. त्याचा पातळ लेप गोळ्यांवर दिला की कोरं लोखंड कोऱ्या लोखंडाला भिडत नाही, आणि मग भट्टी थोडी जास्त तापवता येते. जास्त तापवली की काम लवकर उरकतं, उत्पादन वाढतं. म्हणजे किती तापवायचं हा पैशाचा प्रश्न आहे. त्याचं उत्तर द्यायला कुणीतरी एक आकडा द्यावा लागतो, आणि तो आकडा ही मुलगी काढते.

परीक्षेचे नियम जगभर सारखे आहेत, आयएसओ ११२५६ या क्रमांकाखाली छापलेले. गोळ्या चाळून घ्यायच्या. १० ते १२.५ मिलीमीटरच्या निम्म्या आणि १२.५ ते १६ च्या निम्म्या, अशा दोन किलो. त्या एका नळीत भरायच्या आणि ८५० अंशांवर ठेवायच्या. वरून दर चौरस सेंटिमीटरला सुमारे दीड किलोचं वजन द्यायचं, भट्टीतल्या गोळ्यांवर वरच्या थरांचा भार असतो तसं. मग ठरलेल्या मिश्रणाचा वायू सोडायचा: हायड्रोजन ४५ टक्के, कार्बन मोनॉक्साइड ३०, कार्बन डायऑक्साइड १५ आणि नायट्रोजन १०. गोळ्यांतला ९५ टक्के ऑक्सिजन निघून जाईपर्यंत हे चालू ठेवायचं. थंड झाल्यावर जो गठ्ठा निघेल तो पिंपात घालून ठरावीक फेरे फिरवायचा आणि दर टप्प्याला बघायचं, किती गोळ्या सुट्या झाल्या आणि किती अजून चिकटून आहेत. चिकटून राहिलेल्यांच्या वजनावरून टक्केवारीत आकडा निघतो. शून्य म्हणजे सगळ्या मोकळ्या.

मला यात एक गोष्ट फार आवडली. गोळ्या किती चिकटल्या हे थेट मोजत नाहीत, किती हलवल्यावर सुटल्या ते बघतात. दुसरी गोष्ट, परीक्षा एकदा घेऊन भागत नाही. ती स्वतंत्रपणे दोनदा घ्यायची, आणि दोन उत्तरांत ठरलेल्यापेक्षा जास्त अंतर पडलं तर पुन्हा घ्यायची. आमच्या बोर्डाच्या पेपरांना मॉडरेटर असतो, तसंच म्हणा ना. तपासणाऱ्याचा हात कधी सढळ पडतो, कधी आखडतो. गोळ्यांनाही मॉडरेटर आहे हे ऐकून बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी दर्शनाला माझा एक जुना विद्यार्थी आला. दरवर्षी येतो, न चुकता. नाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. पेणजवळच्याच गावचा. आता स्वतःचं ग्रिल-दरवाजांचं वेल्डिंगचं दुकान आहे. त्याआधी बरीच वर्षं परराज्यात स्पंज आयर्नच्या एका कारखान्यात देखभालीच्या कामावर होता. त्याला मोदक वाढता वाढता सहज म्हटलं, "ही बघ, ही आमची पोर गोळ्या चिकटवून बघते." तो ताट खाली ठेवून तिच्याकडे बघायला लागला.

"ताई, तुमच्या त्या आकड्यावर मी एकदा तीन दिवस काढलेत," तो म्हणाला.

झालं होतं असं. त्या कारखान्यात नव्या मालाचा कागद आला, आकडा छान. वरच्यांनी भट्टी थोडी चढवली. दोन पाळ्या ठीक गेल्या, मग एका बाजूने माल उतरेनासा झाला. वर एकीकडे वायूचं तापमान वाढत गेलं, खाली येणारा माल कमी कमी होत गेला. शेवटी भट्टी बंद केली. आतला वायू विषारी आणि पेट घेणारा, तो नायट्रोजनने हाकलायचा. स्पंज आयर्नला तापलेलं असताना हवा लागली की ते पुन्हा पेटतं, म्हणून निवेपर्यंत थांबायचं. मग झडपेतून पहारी घालून गठ्ठे फोडायचे. तिसऱ्या दिवशी एक गठ्ठा फुटला तो आत अजून लाल होता. याच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा हात कोपरापर्यंत भाजला. "त्याचा हात अजून सरळ होत नाही, बाई," असं त्याने मला सांगितलं, तिला नाही.

पोरगी गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "काका, आमची परीक्षा नळीत होते. नळीतल्या गोळ्या एका जागी बसलेल्या असतात, भट्टीतल्या सरकत असतात. त्यामुळे हा माल त्या मालापेक्षा जास्त चिकटेल की कमी, एवढं आकडा सांगतो. भट्टी अडणार नाही अशी हमी तो देत नाही."

"ते बरोबर," तो म्हणाला. "पण तुम्ही गोळ्या चाळून घेता ना?"

"हो, १० ते १६."

"आणि खालचा चुरा?"

"तो परीक्षेत नसतो."

"आमच्या भट्टीत होता," तो म्हणाला.

एवढंच बोलला आणि मोदकाकडे वळला. मग तिनेच खोदून खोदून विचारलं, तेव्हा सांगितलं. माल आला तो पावसाचा. ढीग उघड्यावर. उतरवताना, चढवताना गोळ्या फुटतात, त्याचा चुरा होतो. ढीग ओतला की मोठ्या गोळ्या घरंगळत कडेला जातात आणि चुरा मधोमध राहतो. तोच क्रम भट्टीत भरताना. जिथे चुरा साचतो तिथे गोळ्यांमधल्या फटी बुजतात, वायू अडतो, गोळ्यांना एकमेकींना टेकायला जागा जास्त मिळते. प्रयोगशाळेत गेलेल्या दोन किलो गोळ्या निवडक होत्या, म्हणून त्या पास झाल्या. "त्यांचा काही दोष नव्हता," असंही तो वर म्हणाला. म्हणजे गोळ्यांचा.

हे तो बोलत होता आणि मला एक जुनी गोष्ट दिसत होती. दहावीच्या निकालाची टक्केवारी चांगली दिसावी म्हणून कित्येक शाळा नववीतच मुलं अडवत. कच्ची मुलं नववीत बसवून ठेवायची, म्हणजे दहावीला चाळलेलीच जातात आणि फाटकावर शंभर टक्के निकालाचा फलक लागतो. हा मुलगा दोनदा नववीत अडवला गेला. मराठीत तो पास होता, तसं मी त्या बैठकीत बोलले, पण बाकीचे दोन विषय गेले होते आणि वर्ष निकालाचं होतं. मग त्याने शाळा सोडली, आठवी पासच्या दाखल्यावर आयटीआयला वेल्डरचा कोर्स केला. बोर्डाने त्याला कधीच नापास केलं नाही, कारण बोर्डापुढे तो गेलाच नाही. त्या वर्षीचा निकाल शंभर टक्के होता आणि त्यात खोटं काही नव्हतं. जे बसले ते सगळे पास झाले होते.

परीक्षेवर माझा राग नाही, हे नीट सांगते. उलट ठरावीक रीतीने, दोनदा, तोच भार आणि तेच तापमान ठेवून घेतलेली परीक्षा नसेल तर दोन मालांची तुलना करायची कशी? मग ज्याचा आवाज मोठा त्याचा माल चांगला. चाळण्यालाही कारण आहे. आकार सारखे नसले तर आज काढलेला आकडा उद्याच्या आकड्याशी जुळवता येणार नाही. पण चाळणीखाली काय पडलं आणि किती पडलं, ते कागदावर कुठेतरी लिहिलेलं असावं. कागद वाचणारा माणूस सहसा भट्टीजवळ नसतो, आणि पहार हातात घेणाऱ्याला कागद दाखवत नाहीत.

आणि या गोष्टीचं वजन यापुढे वाढणारच आहे, असं नात म्हणते. जगातल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे ७ टक्के पोलादाच्या कामातून येतो, बराचसा कोळशामुळे. स्वीडनमध्ये २०१६ साली तीन कंपन्यांनी मिळून केवळ हायड्रोजनने लोखंड काढायचं काम हाती घेतलं, २०२० मध्ये लुलिओ गावी लहान भट्टी चालू केली आणि २०२१ मध्ये त्या लोखंडाचं पहिलं पोलाद गिऱ्हाइकाला दिलं. हायड्रोजनने ऑक्सिजन काढला की धूर न होता पाण्याची वाफ होते. पण भट्टी तीच, उभी. गोळ्या त्याच, आणि त्या सरकत राहायला हव्यात हेही तेच. वायू बदलला की गोळ्यांचं वागणं बदलतं, म्हणजे पुन्हा परीक्षा आल्या, नव्या वायूत, नव्या तापमानाला. नातीला काम पुरेल, काळजी नाही.

ती परत गेली. दिवाळीनंतर एकदा फोन आला. म्हणाली, "आजी, मी आता रिपोर्टच्या खाली एक ओळ जास्त लिहिते. नमुना घेतला त्या मालात चुरा किती टक्के होता, ते." नियमात ती ओळ मागितलेली नाही. वरच्या साहेबांनी आधी विचारलं, ही कशाला, वाचणाऱ्याच्या मनात शंका येईल. ती म्हणाली, शंका यावी म्हणूनच. दोन आठवडे वाद चालला. मग एका मालाचा आकडा उत्तम आला आणि खालच्या ओळीत चुरा भरपूर निघाला. तो माल भट्टीत जायच्या आधी पुन्हा चाळून घ्यावा असं ठरलं. त्याने भट्टी वाचली की नाही, हे कुणालाच सांगता येणार नाही. न अडलेल्या भट्टीची बातमी होत नाही. पण ओळ राहिली.

मी हे सगळं दुकानावर जाऊन माझ्या विद्यार्थ्याला सांगितलं. तो डोळ्यांवरची काच वर करून ऐकत होता. खूश झाला असेल असं मला वाटलं, पण तसं त्याने काही दाखवलं नाही. थोडा वेळ विचार करून म्हणाला,

"बाई, त्या ताईंना एवढं सांगा, पावसाळ्याच्या आधी ढिगावर ताडपत्री घाला म्हणावं."

सांगितलं मी तिला. तेही तिने लिहून घेतलं.